मागून येणाऱ्याच्या वाट्याची धूळ

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी सर दवाखान्यात आले. सरांनी आम्हाला शाळेत भूगोल शिकवला. आता त्यांच्या मधुमेहाची वही माझ्याकडे असते. भूमिका अशा बदलल्या तरी त्यांनी काही विचारले की मी आजही मनातल्या मनात बाकावरून उठून उभी राहते. त्यांचा मुलगा कॅलिफोर्नियात, सॅन होजे शहराजवळ, नोकरीस आहे. ऑगस्टमध्ये सर आणि काकू तीन महिन्यांसाठी त्याच्याकडे जाणार आहेत. औषधे किती न्यावीत, विमानात कोणती जवळ ठेवावीत, हे विचारून झाले आणि त्यांनी खिशातून मोबाइल काढला.

“हे जरा पाहा, डॉक्टर.”

अर्ध्या मिनिटाची चित्रफीत होती. उघड्या करड्या टेकडीवरून वर चढणारी कच्ची वाट. पुढे सरांच्या मुलाची मोटारसायकल, तिच्या मागोमाग लहानशा डर्ट बाइकवर नऊ वर्षांचा नातू. हेल्मेट, गुडघ्यांना आणि कोपरांना संरक्षक पट्टे, उंच बूट, सगळे व्यवस्थित. वळणावर पुढच्या गाडीच्या चाकांतून धुळीचा लोट उठतो आणि नातू त्यात दोन-तीन क्षण दिसेनासा होतो. मग तो बाहेर येतो आणि हात उंचावून हसतो.

“मुलगा काळजी घेणारा आहे, हे मला ठाऊक आहे. नातू पडलाही नाही. तरी हे पाहून मला बरे का वाटले नाही, ते सांगा.”

माझे लक्ष आधी हाडांकडे गेले, कारण अशा वाहनांवरून पडलेली मनगटे आणि गळपट्टीची हाडे मी पाहिली आहेत. पण सरांनी चित्रफीत दुसऱ्यांदा लावली, तेव्हा मी त्या लोटाजवळ थांबवायला सांगितली. त्यांना बरे न वाटण्याचे कारण मला तेथे दिसले.

अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत फार मोठी जमीन केंद्र सरकारच्या मालकीची आहे. वाळवंटे, टेकड्या, गवताळ माळ आणि वने यांचा मोठा भाग ‘ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ आणि ‘फॉरेस्ट सर्व्हिस’ या दोन खात्यांकडे असतो. सर्वांची जमीन म्हटल्यावर पायी फिरणारा, घोडेस्वार, सायकलवाला, शिकारी, गुरे चारणारा आणि मोटारवाला असे सारेच तिच्यावर हक्क सांगतात. डर्ट बाइक आणि जाड चाकांच्या गाड्या घरोघरी आल्या, तेव्हा या हक्कांत तंटे सुरू झाले. १९७२ च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी एक आदेश काढला. रस्ता सोडून जाणारी वाहने सार्वजनिक जमिनीवर कोठे चालतील आणि कोठे चालणार नाहीत, हे त्या त्या खात्याने ठरवावे. ठरवताना जमीन, वन्यजीव आणि इतर माणसे यांना होणारा उपद्रव कमीत कमी राहील असे पाहावे, अशी त्याची दिशा होती. १९७७ मध्ये जिमी कार्टर यांनी त्यास पुस्ती जोडली : वाहनांमुळे एखाद्या जागेची मोठी हानी होत असेल, तर ती जागा त्यांना ताबडतोब बंद करावी. २००५ साली फॉरेस्ट सर्व्हिसने तर नियमाचे तोंडच फिरवले. तोवर बऱ्याच वनांत ‘मनाई नसेल तेथे खुशाल जा’ अशी रीत होती; आता ‘नकाशावर दाखवली असेल त्याच वाटेने जा’ असे ठरले. हा नकाशा विनामूल्य मिळतो. कोणत्या वाटेवर कोणते वाहन आणि वर्षाच्या कोणत्या काळात, हे त्यात लिहिलेले असते.

सर्वसाधारण समज असा, की हे सारे नियम माती, झाडे आणि प्राण्यांसाठी आहेत. माझाही तसाच होता. क्लिअर क्रीकची हकीकत वाचनात आली आणि तो बदलला.

क्लिअर क्रीक हा सॅन होजेच्या दक्षिणेस, सॅन बेनिटो आणि फ्रेस्नो या काउंटींमध्ये पसरलेला डोंगराळ प्रदेश आहे. येथील खडक सर्पेंटाइन जातीचा, हिरवट आणि गुळगुळीत. सापाच्या कातडीसारखा दिसतो म्हणून त्याला ते नाव, असे मी सांगू लागताच सरांनी मान हलवली. हे त्यांनीच आम्हाला शिकवले होते. या खडकाच्या मातीत फारसे काही उगवत नाही. त्यामुळे उघडे, चढउतारांचे डोंगर मिळतात, आणि मोटारसायकलस्वारांना हवे असते ते हेच. कित्येक कुटुंबे दोन-दोन पिढ्या तेथे शनिवार-रविवारी तळ टाकून राहत आणि मुलाबाळांसह गाड्या फिरवत.

या सर्पेंटाइनच्या पोटात क्रायसोटाइल नावाचे ॲस्बेस्टॉस आहे, आणि ते थोडेथोडके नाही. परिसरात ॲस्बेस्टॉसच्या खाणी होत्या. त्यांतली ॲटलस नावाची खाण १९८४ साली विषारी जागांच्या राष्ट्रीय यादीत गेली. अमेरिकेतली अखेरची ॲस्बेस्टॉस खाण २००२ मध्ये बंद झाली, तीही याच डोंगरांतली. खाणीचे धोके सर्वांना दिसत होते. खाणीबाहेरच्या वाटेवर गाडीचे चाक फिरते तेव्हा काय होते, हा प्रश्न मागे राहिला होता.

तो सोडवण्यासाठी ईपीए या केंद्रीय पर्यावरण संस्थेने जे केले, ते मला एक वैद्यकीय माणूस म्हणून फार आवडले. त्यांनी केवळ माती तपासली नाही. त्यांची माणसे संरक्षक पोशाख घालून स्वतः मोटारसायकलींवर आणि एटीव्हींवर बसली, मोटारीतून हिंडली, पायी चालली, तळ टाकला, शेवटी गाडी धुतली आणि आतून झाडली. या साऱ्या वेळी हवा खेचणारी छोटी यंत्रे त्यांच्या अंगावर होती. एक मोठ्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर, दुसरे लहान मुलाच्या नाकाच्या उंचीवर.

निष्कर्ष दोन ओळींत सांगता येतो. ओळीने चाललेल्या गाड्यांत पहिल्या स्वारापेक्षा मागच्यांच्या श्वासात अधिक तंतू गेले. आणि मुलाच्या उंचीवरची हवा पुष्कळदा मोठ्यांच्या उंचीवरच्या हवेपेक्षा वाईट निघाली. घरची मोटारसायकल-सहल डोळ्यांसमोर आणा. पुढे कोण असतो? बाप. मागे आणि खाली कोण असतो? वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा तेथे गेल्यास कर्करोगाचा आयुष्यभराचा धोका ईपीए जी मर्यादा मान्य करते तिच्या पलीकडे जाऊ शकतो, असे त्या अहवालात म्हटले होते. तो १ मे २००८ रोजी प्रसिद्ध झाला आणि त्याच दिवशी ब्युरोने तो प्रदेश बंद केला.

स्वारांना हे मुळीच पटले नाही, आणि त्यांची बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. आम्ही चाळीस वर्षे येथे येतो, कोणाला काय झाले? क्रायसोटाइल हे ॲस्बेस्टॉसच्या इतर जातींइतके घातक नाही, असे मानणारे शास्त्रज्ञही आहेत. कॅलिफोर्नियाच्या ऑफ-रोड आयोगाने करवून घेतलेल्या दुसऱ्या अभ्यासाने हा धोका पुष्कळ कमी असल्याचे २०११ मध्ये सांगितले. पुढे २०१४ च्या आराखड्याने मधला मार्ग काढला : परवाना घेऊन, वर्षातले मोजके दिवस, ठरावीक वाटांवरून, आणि तेही रस्त्यावर चालवण्याची नोंदणी असलेल्या वाहनांनीच जायचे. मनसोक्त भटकण्याचे दिवस मात्र संपले.

सरांनी विचारले, “तुमचे मत कोणाच्या बाजूला?”

धोक्याचा आकडा नेमका किती, हे मी सांगू शकत नाही. पण ‘कोणाला काय झाले’ हा युक्तिवाद ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत मला मान्य होत नाही. हा तंतू फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतो. शरीराला तो विरघळवताही येत नाही आणि नीट बाहेरही काढता येत नाही. त्यातून होणारे आजार, म्हणजे फुप्फुस घट्ट होत जाणे, फुप्फुसाचा कर्करोग, त्याच्या आवरणाचा मेसोथेलिओमा, दिसायला वीस, तीस, कधी चाळीस वर्षे लागतात. सरांच्या वयात शिरलेल्या तंतूला एवढा अवधी मिळणे कठीण. नऊ वर्षांच्या मुलापुढे सत्तर वर्षे आहेत. एकच धूळ दोघांनी घेतली तरी दोघांचा हिशेब एक नाही, आणि इथे तर मुलाच्या वाट्याला ती जास्तच आहे. (जाता जाता : आपल्याकडच्या सिमेंटच्या जुन्या पत्र्यांतही हेच क्रायसोटाइल असते. छपरावर ते शाबूत असताना घाबरण्याचे कारण नाही. पण दुरुस्तीच्या वेळी ते घरच्या घरी करवतीने किंवा ग्राइंडरने कोरडे कापू नका आणि मुलांना तेथे फिरकू देऊ नका.)

चित्रफितीतली वाट क्लिअर क्रीकची नव्हती. ती राज्य सरकारच्या एका खुल्या उद्यानातली होती. सर सुटकेचा श्वास टाकणार, एवढ्यात मला त्यांची दुसरी काळजी वाढवावी लागली. ती नातवाची नव्हती, त्यांची स्वतःची होती. त्यासाठी मला माझी एक जुनी चूक सांगावी लागली.

काही वर्षांपूर्वी फ्रेस्नोहून लेकीकडचे बाळंतपण आटोपून परतलेल्या एक बाई माझ्याकडे ताप, कोरडा खोकला आणि विलक्षण थकवा घेऊन आल्या. मी न्यूमोनिया म्हणून प्रतिजैविक दिले. उतार पडेना, म्हणून दुसरे दिले. क्ष-किरण चित्रात फुप्फुसावर एक डाग होता. आपल्याकडे असा डाग आणि महिनाभराचा खोकला म्हटले की डॉक्टरांच्या मनात पहिला शब्द येतो तो क्षयाचा. थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरीही मी क्षयाची औषधे सुरू करण्याच्या बेतात होते. तेवढ्यात लेकीचा फोन आला : आई, इकडच्या डॉक्टरांना विचारले, ते म्हणतात व्हॅली फीव्हरची तपासणी करा. मी हा शब्द पुस्तकात वाचला होता, पण त्या कोठून आल्या, तेथे काय करत होत्या, हे विचारण्याचे मला सुचले नव्हते. रक्ततपासणीत तोच निघाला. बुरशीविरोधी औषधाने त्या बऱ्या झाल्या. त्यांचे सहा आठवडे मात्र माझ्यामुळे वाया गेले.

कॉक्सिडिऑइडिस नावाची बुरशी कॅलिफोर्नियाच्या सॅन ओकीन खोऱ्यात, ॲरिझोनात आणि आसपासच्या कोरड्या मातीत राहते. माती उकरली की तिचे बीजाणू हवेत उडतात आणि श्वासातून आत जातात. उकरणारे हत्यार नांगर असेल, बांधकामाचे यंत्र असेल किंवा एटीव्हीचे चाक असेल, बीजाणूला फरक पडत नाही. १९७७ च्या डिसेंबरात त्या खोऱ्याच्या दक्षिण टोकाला जे वादळ झाले, त्याने ही माती शेकडो किलोमीटर उत्तरेस सॅक्रॅमेंटोपर्यंत नेली आणि तिकडे रुग्ण वाढले. लागण झालेल्या निम्म्याहून अधिकांना काहीच जाणवत नाही. इतरांना एक ते तीन आठवड्यांनी ताप, खोकला, सांधेदुखी, थकवा येतो. बहुतेक जण आपोआप बरे होतात. एका माणसाकडून दुसऱ्याला हा आजार होत नाही. मात्र गर्भवती स्त्रिया, प्रतिकारशक्ती घटलेले रुग्ण आणि मधुमेही यांच्यात तो तीव्र होऊ शकतो. सरांचा मधुमेह एकवीस वर्षांचा आहे. मुलगा आणि नातू गाडी फिरवत असताना ते वाटेच्या कडेला घडीची खुर्ची टाकून बसणार, हा कार्यक्रम मुलाने आधीच आखला होता.

कडेला बसणाऱ्याचा हा प्रश्न कॅलिफोर्नियात एका ठिकाणी नियमापर्यंत पोहोचला आहे. ओशनो ड्यून्स या किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या गाड्या चालतात. समुद्रावरून वारा सुटला की तेथली बारीक धूळ मागच्या निपोमो पठारावरील घरांत जाते. ज्यांनी कधी एटीव्हीला हात लावला नाही, अशी ती माणसे. २०११ साली तेथील काउंटीच्या हवा-प्रदूषण नियंत्रण मंडळाने उद्यानालाच धुळीची मर्यादा पाळायला लावणारा नियम केला. त्यावर खटले झाले, धूळ गाड्यांची की निसर्गाची यावर शास्त्रज्ञांतही वाद झाले. तरीही दरम्यान शेकडो एकर वाळू कुंपणे घालून आणि झुडुपे लावून गाड्यांपासून सोडवली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी मुलाला चित्रफोन लावला आणि मोबाइल माझ्यासमोर टेबलावर ठेवला. याला मी अर्ध्या चड्डीत पाहिलेला, त्यामुळे बोलणे औपचारिक होण्याचा प्रश्न नव्हता.

“ताई, मी सगळे नियम पाळतो हो. गाडीला ग्रीन स्टिकर आहे, उद्यानाचा नकाशा आहे, याचे प्रशिक्षणही झाले आहे.”

“ते दिसलेच मला. तू पुढे का असतोस?”

तो थांबला. “वाट दाखवायला.”

“वाट ओळखीची असेल तर त्याला पुढे घाल, तू मागे राहा, आणि मध्ये भरपूर अंतर ठेव. तो तुझ्या नजरेसमोर राहील आणि तुझी धूळ त्याच्या नाकात जाणार नाही. त्याची तुझ्या नाकात जाईल, ती तू खा.”

तो हसला, पण त्याने ऐकले. मग आम्ही बारकाव्यांत शिरलो. पाऊस पडून गेल्यानंतर माती ओलसर असते, तेव्हा जावे. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि वारा सुटलेल्या दिवशी जाऊ नये. परतताना मोटारीत बसण्यापूर्वी वरचे कपडे आणि बूट काढून पिशवीत बंद करावेत, घरी ते वेगळे धुवावेत. गाडी कोरडी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. नवी जागा निवडताना केवळ वाट खुली आहे की बंद एवढेच न पाहता, बंद असेल तर कशासाठी, हेही वाचावे. कारण त्या फलकावर किंवा पत्रकात लिहिलेले असते, आणि ते कधी बेडकांसाठी असते, कधी आपल्यासाठी. मास्कविषयी त्याने विचारले. एन-९५ मोठ्यांच्या चेहऱ्यावर नीट बसला तर उपयोगी. मुलाच्या चेहऱ्यावर, हेल्मेटच्या आत, तो नीट बसेल याची खात्री मी दिली नाही.

शेवटी त्याने आपणहून एक कबुली दिली. गेल्या मे महिन्यात सुट्टीवर आला असता कोकणातल्या एका किनाऱ्यावर त्याने भाड्याची एटीव्ही घेतली होती आणि मुलाला पुढ्यात बसवून वाळूवर फिरवली होती. हेल्मेट तेथे मिळाले नाही, त्यानेही मागितले नाही. कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक जमिनीवर हे चालले नसते. एकट्यासाठी बनवलेल्या एटीव्हीवर दुसऱ्याला बसवण्यास तेथे कायद्याने बंदी आहे, हेल्मेट सक्तीचे आहे, आणि १४ वर्षांखालील मूल ती चालवत असेल तर पालक किंवा जबाबदार मोठा माणूस सोबत लागतो. चार चाके दिसतात म्हणून ही गाडी स्थिर वाटते, पण वळणावर आणि चढावर ती सांभाळायची तर चालकाला आपले वजन इकडून तिकडे टाकावे लागते. पुढ्यात मूल असले की ते जमत नाही. आणि गाडी उलटली तर काही शे किलोचा तो भार मुलावर येतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना तर १६ वर्षांखालील मुलाने एटीव्ही चालवूच नये असे सांगते. “तिकडे केले नसते ते इकडे का केलेस?” असे सरांनी विचारले. त्याच्याकडे उत्तर नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत असे पाच-सहा बाप मला आपल्याच किनाऱ्यांवर दिसतात, त्यांच्याकडेही नसते.

नातवाची मोटारसायकल बंद करा, असे मी सांगितले नाही. सरांना ते अपेक्षित होते, असे मला वाटते. काकूंना तर नक्कीच होते. पण मोकळ्या डोंगरावर बापाबरोबर घालवलेला दिवस हीही आरोग्याचीच गोष्ट आहे, आणि हात उंचावून हसणारा तो मुलगा मी पाहिला होता. सरांचा बेत मात्र मी बदलला. घडीची खुर्ची घरीच राहील. ते दोघे गाडी फिरवायला जातील, तेव्हा सर आणि काकू सॅन होजेतल्या ग्रंथालयात जातील.

औषधांची यादी मी लिहून दिली. सरांच्या केसपेपरवर वरच्या कोपऱ्यात लाल शाईने ‘कॅलिफोर्निया’ असे लिहिले आहे आणि पुढे परतीची तारीख. काकूंना सांगून ठेवले आहे, की डिसेंबरअखेरपर्यंत सरांना खोकला झाला, तर दुकानातून परस्पर औषधाची बाटली आणायची नाही. थेट माझ्याकडे यायचे, आणि मी विसरले तर कोपऱ्यातल्या त्या शब्दावर बोट ठेवायचे.